कारभारीण

शिरीष तगाऱ्यांना संध्याकाळी वाटीभर दही खावंसं वाटलं. आता ही काही राज्य मागण्यासारखी इच्छा नव्हती. पण फ्रिजचं दार काही केल्या उघडेना.

"अहो, दिवेलागणीला दही? सकाळी घसा धरला म्हणजे माझ्या नावानं शंख करू नका," घर म्हणालं.

"अगं, चमचाभरच."

"तुमचा चमचा मला ठाऊक आहे. दूध घ्या, हळद घालून."

शिरीषरावांनी मुकाट्यानं दूध तापवलं, हळद घातली आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून ते प्यायले. त्यांना हळदीचं दूध आवडत नसे, तरी चेहऱ्यावर समाधान होतं. ज्या बाईचे हे शब्द, ती त्यांची बायको वृषाली, माघात वारली होती. आता आश्विन लागला होता.

घाबरू नका, भुताखेतांची गोष्ट नाही ही. कराडच्या त्या कॉलनीत अशी बोलणारी घरं बरीच होती. एव्हाना घरसंगणक ही पाण्याच्या टाकीइतकी साधी चीज झाली होती. देवघराशेजारच्या कपाटावर एक पेटी बसवायची आणि दार, गॅस, फ्रिज, औषधं, फोन, बँक सगळं तिच्या हवाली करायचं. मात्र पेटी कोणाचं ऐकणार हे आधी ठरवावं लागे. त्यासाठी तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वर प्रशासक: त्याचा शब्द शेवटचा. त्याखाली सभासद: घरात राहणार, दिवे लावणार, चहा करणार, पण महत्त्वाच्या गोष्टीला प्रशासकाची परवानगी घेणार. आणि सगळ्यात खाली पाहुणा: त्याच्यापुरता पंखा नि पाणी. 'प्रशासक' हा कंपनीचा शब्द. वृषालीनं पहिल्याच दिवशी तो मोडीत काढून 'कारभारीण' केला.

खरी करामत पुढेच आहे. प्रशासक दर वेळी जागेवर असतोच असं नाही. मग त्यानं आजवर दिलेल्या हजारो होकार-नकारांवरून, ते देतानाच्या शब्दांवरून यंत्र शिकत जाई आणि तो नसला की तो जे म्हणाला असता तेच म्हणे. याला 'कल' म्हणत. मेलेल्या माणसाचा आवाज वापरायला कायद्यानं बंदी होती, म्हणून आवाज यंत्राचाच, सपाट. पण शब्द त्या माणसाचे, अडवणूकही त्याचीच. वृषाली गेली तरी कारभार तिच्या नावावर होता, त्यामुळे तिचा कल फ्रिजपाशी उभा होता.

शिरीषराव एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर दोनशे गाड्या मार्गी लावणारा हा माणूस घरी आला की "अगं, कुठला शर्ट घालू?" असं विचारायचा. वृषाली कन्याशाळेत गणित शिकवायची. घरातलं गणितही तिच्याकडेच. मुलीचा फोन आला आणि तो चुकून यांनी उचलला, तर यांचं एकच वाक्य ठरलेलं: "थांब हं, आईला देतो." पोरीला ताप असो, बढती असो, नाहीतर ती परदेशी निघालेली असो. थांब, आईला देतो!

पेटी बसवायला आलेल्या माणसानं बजावलं होतं, "साहेब, दोन प्रशासक ठेवा. एक अडला तर दुसरा असतो."

"छे हो! एका म्यानात दोन तलवारी कशाला? हिलाच करा," शिरीषराव म्हणाले होते. "मी सभासद. आजवर तेच आहे."

"बघा हं, उद्या रडत याल," वृषाली म्हणाली.

"मग निदान वारस सांगा," तो माणूस म्हणाला. "तुमच्यामागे कारभार कोणाला, आणि त्यानं काय बोललं की द्यायचा?"

वृषालीच्या डोळ्यांत मिस्कीलपणा आला. "वारस हेच. पण यांनी माझ्या नावाचा उखाणा घ्यायचा. कुठलाही चालेल, फक्त यांच्या तोंडून हवा. लग्नात घास भरवताना सगळे मागे लागले, तर हे 'घसा बसलाय' म्हणत पाणी प्यायला पळाले ते पळालेच. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर संसार चाललाय माझा. जन्मात एकदा तरी नाव घेऊ दे की."

तो माणूस हसला आणि त्यानं तसं नोंदवलं. शिरीषराव कानापर्यंत लाल झाले.

पुढं जे झालं ते याच पेटीवरून झालं. मुलगी शर्वरी नॉर्वेत समुद्राचा अभ्यास करायची. दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीवर आली, आणि आईचा पासवर्ड म्हणजे लेकीचीच जन्मतारीख आहे हे पाहून तिनं कपाळाला हात लावला. एका दुपारी आई झोपलेली असताना तिनं पेटी उघडली आणि गुपचूप स्वतःला प्रशासक करून घेतलं. हेतू वाईट नव्हता. आईच्या मनगटावरचं यंत्र काय लिहितं ते तिला तिकडून पाहायचं होतं. तिनं ते पाहिलं. आईच्या हृदयाचं काहीतरी बिनसलं होतं, आणि आईनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. शर्वरीनं फोन करून सरळ बाबांना सांगितलं. बाबा काय म्हणाले असतील? बरोबर. "थांब, आईला देतो."

मग काय, आग्यामोहोळ उठलं! "माझ्याच घरात, मला न विचारता, किल्ली करून घेतलीस? मी काय खाते, कधी झोपते, माझं काळीज कसं चालतं, हे चोरून बघत होतीस?" वृषाली कडाडली.

"चोरून नाही आई, काळजीनं! तू सांगत नाहीस म्हणून!"

"माफी माग."

"चूक केली असती तर मागितली असती."

वृषालीनं त्याच क्षणी पासवर्ड मोडून स्वतःचा आवाज हीच किल्ली केली आणि शर्वरीला यादीतून काढलं. प्रशासक नाही, सभासद नाही, पाहुणीसुद्धा नाही. तिचा फोन, निरोप, दारावरची टकटक, सगळं बंद. "माफी मागेल त्या दिवशी दार उघडेन," ती म्हणाली. दोघी एकाच मातीच्या. ही नमेना, ती वाकेना. मध्ये शिरीषराव, "तुमचं तुम्ही बघा बाई" म्हणून वर्तमानपत्र उघडून बसलेले. मात्र हृदयाची गोळी वृषाली त्यानंतर न चुकता घेऊ लागली होती, हेही खरं.

माघातल्या एका सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन बसली होती, आणि कप खाली पडला. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. शिरीषराव भिंतीला टेकून बसले होते. घरानं विचारलं, "सगळ्यांना कळवू का?"

"हो," ते म्हणाले. "तुला माहीत आहे कोणाला कळवायचं ते."

माणसं आली, पुतण्यांनी खांदा दिला, दहावं झालं, तेरावं झालं. शर्वरी आली नाही. तिचा फोनही आला नाही. शिरीषराव रोज दाराकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी बघणं सोडलं. "आईच्या दहाव्यालाही आली नाही! कसली पोर म्हणायची ही?" असं म्हणून पुतण्यांनी तिला आपापल्या यादीतून काढलं. शिरीषरावांनी तिचा फोटो कपाटात उपडा ठेवला. त्यांच्या मनाला ते फार लागलं होतं. पण बोलणार कोणाशी? मग ते घराशी बोलत. आज भाजी कुठली, शाल कुठली, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या भावाला भेटायला साताऱ्याला जाऊ की नको. घर वृषालीसारखं उत्तर देई, आणि दिवस ढकलला जाई.

दह्याच्या त्या संध्याकाळीच शेजारच्या कणसे वहिनी आल्या. जर्मनीला मुलाकडे राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. चॉकलेटचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला, पण हात डब्यावरच राहिला.

"भाऊजी, एक सांगू? रागावू नका. येताना तिकडच्या विमानतळावर शर्वरी भेटली."

शिरीषरावांचा चेहरा कठोर झाला. "असेल."

"ती पळत आली हो माझ्याकडे. मला मिठी मारली. आणि म्हणाली..." वहिनींनी डबा उगाच पुढं सरकवला. "म्हणाली, काकू, आई कशी आहे? अजून रागातच आहे का?"

शिरीषरावांना आधी काही उमगलंच नाही.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू भाऊजी? माझी जीभच उचलेना. पोरगी हसतेय, आणि मी कुठल्या तोंडानं... तेवढ्यात तिच्या विमानाची घोषणा झाली. जाता जाता म्हणाली, आईला सांगा, दिवाळीला येतेय. हाकललंस तरी दारात बसून राहीन म्हणावं." वहिनी पदरात तोंड लपवून रडू लागल्या. "तिला माहीतच नाही हो. कोणी कळवलंच नाही तिला."

शिरीषराव उठले आणि परत बसले. 'तुला माहीत आहे कोणाला कळवायचं ते.' घरानं यादीतल्या सगळ्यांना कळवलं होतं. जी यादीत नव्हती तिला कसं कळवणार? नातेवाइकांना वाटलं, घरानं कळवलं असेल. मग तिच्यावर रागावून त्यांनी बोलणं टाकलं, आणि सांगणारं कोणी उरलंच नाही. इतके महिने ती तिकडे आईवर रुसून होती. आई नसताना आईवर रुसून होती. आणि इथं तिचा बाप तिचा फोटो उपडा घालून बसला होता.

वहिनी गेल्यावर ते कपाटासमोर उभे राहिले. "शरूला फोन लाव."

"त्या नावाचं कोणी या घराच्या यादीत नाही."

"नसू दे. कारभारणीला विचार."

पेटी म्हणाली, "आधी माफी मागू दे तिला. मग बघू."

"अगं, तू गेलीस!" शिरीषराव ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोवर आवाज चढवला होता. "तू नाहीस आता! ती पोर तुझी खुशाली विचारतेय! तुला कळतंय का काही?"

"आवाज चढवू नका," घर म्हणालं. "रक्तदाब वाढेल तुमचा. गोळी घेतलीत का?"

ते मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडले. वृषाली असती तर विरघळली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती भांडण लावून धरायची खरी, पण गणपती आले, दिवाळी आली, पोरीच्या आवडीची करंजी तळायला घेतली, की तिचा राग कढईतच उतरायचा. आणखी एक दिवाळी मिळती तर तिनंच फोन लावला असता. पण कल विरघळत नाही. जे ठरवून झालं तेवढंच त्याला येतं. माणूस गेलं की त्याचं मन बदलणं थांबतं, आणि हट्ट तेवढा जसाच्या तसा मागं राहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याकडून शर्वरीचा नंबर मिळवला आणि कणसे वहिनींच्या घरून लावला. पण तो काळ आवाजचोरांचा होता. कोणाचाही आवाज हुबेहूब उचलून 'तुझे वडील अपघातात सापडले, ताबडतोब पैसे पाठव' असे फोन इतके येत की लोक वैतागले होते. म्हणून प्रत्येक घराला स्वतःची इलेक्ट्रॉनिक मोहोर असे, आणि ओळखीच्या मोहरेशिवाय कुठलंच घर फोन आत घेत नसे. शर्वरीच्या घरानं सभ्यपणे सांगितलं, "ही मोहोर आमच्या ओळखीची नाही. आवाज वडिलांचा वाटतो. असे आवाज रोज येतात. नमस्कार." शिरीषरावांनी तीनतीनदा लावून पाहिलं. "अहो, मी खरंच तिचा बाप आहे हो," असं ते यंत्राला काकुळतीनं सांगत होते. वहिनींना ते बघवेना. पत्र टाकता आलं असतं, पण ही बातमी काय पाकिटात घालून पाठवायची? शर्वरीच्या घराला एकच मोहोर नक्की ओळखीची होती: आईच्या घराची.

कंपनीकडून तरन्नुम मुजावर नावाची मुलगी आली. शर्वरीच्याच वयाची. पेटीला वायर जोडून तिनं बराच वेळ तपासलं.

"काका, तुम्ही वारस आहात. उखाण्याची अट आहे, ती पुरी केलीत की तुम्ही प्रशासक. काढून टाकलेल्यांची यादी मग तुम्हाला दिसेल, मुलीला परत घेता येईल. पण..." ती अडखळली. "काकूंचा कल जाईल."

"जाईल म्हणजे?"

"पुसला जाईल. असं बघा, तो कल काकूंच्या किल्लीनं कुलूपबंद आहे. ती किल्ली होती त्यांचा बोलता आवाज. त्यांच्या जागी नवा प्रशासक आला की नवी किल्ली तयार होते, आणि जुन्या कुलपात जे आहे ते कोणालाच वाचता येत नाही. मला नाही, कंपनीला नाही. वाचता येत नाही म्हणून पेटी ते टाकून देते."

"मग तिला साधी सभासद करून ठेवा ना. मी कारभारी, ती सभासद. नाहीतर पाहुणी म्हणून तरी राहू दे!"

"गेलेल्या माणसाला खालच्या पायरीवर ठेवायला कायदा परवानगी देत नाही काका. लोकांनी मेलेल्या आईबापांच्या नावानं घरं विकली. म्हणून आहे तसं ठेवायचं, नाहीतर पूर्ण काढायचं. मधलं काही नाही." ती हळूच म्हणाली, "माझ्या आजोबांचं खातं आमच्याकडे अजून तसंच आहे. अब्बांना ते काढवत नाही. तुम्हाला वेळ हवा असेल तर घ्या."

शिरीषरावांनी वेळ घेतला. दिवाळी तोंडावर आली होती, तरी घेतला. माणूस दुसऱ्यांदा बायको गमवायला निघतो तेव्हा त्याची पावलं जड पडतात, त्याला कोण नावं ठेवणार? त्या दिवसांत ते घराला नको नको ते विचारत राहिले. आमटीत गूळ किती? माझा बंद गळ्याचा कोट धुवायला टाकू का? समोरच्या भिंतीला रंग कुठला? कधी हसवणारं उत्तर मिळे, कधी बोलणी बसत. ते सगळं मनात साठवायला बघत, पण त्यांचं मन गळकं झालं होतं. संध्याकाळपर्यंत निम्मं निसटून जाई. खंडेनवमी आली. वृषाली त्या दिवशी पेटीला हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. "हिच्यावरच तर घर चालतं," म्हणायची. यंदा फूल त्यांनी ठेवलं आणि हात जोडले. कोणाला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कधीकधी वाटे, काही करूच नये. पोर दिवाळीला येणारच आहे. आल्यावर कळेलच तिला. आपण आजवर कधी काही ठरवलंय का? हे ऐकायला सोपं होतं. पण मग दाराचं चित्र डोळ्यांपुढं येई. शर्वरी बॅग घेऊन पायरीवर उभी आहे. ती बेल वाजवते. आणि दार तिला म्हणतं, "आधी माफी माग. मग बघू." तिला वाटणार, आई आत आहे. आई अजून रागावलीय. ती हसत, रडत दाराशी माफी मागणार, आणि मग आत येऊन भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघणार.

"नाही," शिरीषराव मोठ्यानं म्हणाले. "हे नाही होऊ द्यायचं."

दुपारची वेळ होती. ऊन देवघरापर्यंत आलं होतं. त्यांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, तो कुठला घालावा हे न विचारता. पेटीपुढं खुर्ची ओढून बसले.

"ऐकलंस का," ते म्हणाले.

"बोला."

"उखाणा घेऊ म्हणतो."

या बाबतीत वृषालीचं मत फार जुनं आणि पक्कं होतं, त्यामुळे उत्तर शोधायला पेटीला वेळ लागला नाही.

"घ्या की! कोणी अडवलंय? पण आज घसा बसलेला नाही ना?"

शिरीषराव हसले, आणि हसता हसताच त्यांना हुंदका आला. खरोखरच घसा दाटून आला होता. पाण्याचा तांब्या शेजारीच होता. ते प्यायला उठले नाहीत.

"एक विचारू? रात्री दही खाल्लं तर खरंच घसा धरतो का गं?"

"खाऊन बघा, मग कळेल," घर म्हणालं.

आणखी पुष्कळ विचारायचं होतं. तू सुखी होतीस का माझ्याबरोबर, असंही विचारायचं होतं. पण ते तिला जिवंतपणी कधी कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा त्याचं उत्तर पेटीत असणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. घास भरवायचं ताट, पाटाभोवतीची रांगोळी, बायकांचा गलका, आणि वर बघून वाट पाहणारी हिरव्या चुड्यातली ती मुलगी. या खेपेला ते पळाले नाहीत.

"माझ्या हुकमावाचून आगारातून गाडी सुटली नाही कधी,
वृषालीचं नाव घेतो आज, घ्यायला हवं होतं आधी."

फ्रिजची घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली.

"नमस्कार, शिरीष तगारे," पेटी म्हणाली. "आपण आता या घराचे प्रशासक आहात. पूर्वीच्या प्रशासकाने घातलेले निर्बंध रद्द झाले आहेत. फ्रिजवर काही निर्बंध ठेवायचे आहेत का?"

"तिला वि..." शिरीषरावांच्या तोंडून निघालंच. ते थांबले.

"माफ करा, कोणाला?"

"कोणाला नाही."

शब्द परके होते, शिष्टाचाराचे. कुठं टोमणा नाही, कुठं काळजी नाही. ही पेटी त्यांना ओळखत नव्हती. माघात तिला नेलं तेव्हा घर भरलेलं होतं. आज रडायला शेजारी कोणी नव्हतं, आणि 'पुरे आता, तोंड धुवा' म्हणणारंही कोणी नव्हतं. मग त्यांनी आपणहून तोंड धुतलं.

"काढून टाकलेल्यांची यादी दाखव," ते परत येऊन म्हणाले.

यादीत एकच नाव होतं.

"शर्वरी तगारे यांना पुन्हा घ्यायचे का? पाहुणी म्हणून की सभासद म्हणून?"

"प्रशासक म्हणून. या घरात दोन असू देत."

"नोंद झाली."

"आणि तिला फोन लाव."

नॉर्वेत तेव्हा सकाळ सरत आली असेल. शिरीषरावांनी कपाटातला फोटो काढून सरळ करून टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. पलीकडे मोहोर ओळखली गेली असावी. पहिली घंटी पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"आई!"

शिरीषरावांनी बोलायला तोंड उघडलं.

"आई, थांब, तू काही बोलू नकोस. आधी मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल." शर्वरी घाईघाईनं बोलत होती, धापा टाकत, हसत. "मी चुकले. तुला विचारायला हवं होतं. तुझं घर, तुझी किल्ली. बघ, मागितली माफी! दोन वर्षं लागली, पण मागितली. तू फोन लावलास, म्हणजे तूही हरलीस आणि मीही. आता तरी दार उघड ना गं. मी दिवाळीचं तिकीट काढलंय. करंज्या करशील? आई? बोल ना काहीतरी."

"शरू, मी बोलतोय. बाबा."

"बाबा? तुम्ही?" ती हसली. "कमाल झाली! म्हणजे तिनंच लावायला लावला ना? स्वतः बोलायला लाजतेय का? तिथंच असेल बघा कान देऊन. द्या तिला."

सवयीनं त्यांची मान देवघराशेजारच्या पेटीकडे वळली. तिच्यावर खंडेनवमीचं झेंडूचं फूल अजून होतं, वाळलेलं. आणि तोंडात ते जुनं वाक्य येऊन बसलं होतं, जन्मभराचं, एवढं तयार की नुसते ओठ हलवायचे. थांब हं, आईला देतो. शिरीषरावांनी ते गिळलं.

"नाही बाळा," ते म्हणाले. "आज फोन मीच लावलाय. तू जरा खाली बस."